निवडून यायचं म्हणून कंपनीचा पैसा घ्यायचा का?

प्रश्न : नमस्कार काका, मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, संध्याकाळी एका छोट्या पक्षाचं काम बघतो. परवा बैठकीत लै वाद झाला, एक गट म्हणतो आधी निवडून तर येऊ, कंपनीवाले देतायत तर घ्या की, दुसरा म्हणतो एकदा घेतले की तोंड बंद. तुम्हाला काय वाटतं?
– एक कार्यकर्ता

उत्तर : अहो हा वाद तुमच्या बैठकीपेक्षा लै जुना आहे. 1957 मध्ये टाटा स्टीलला पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनीची घटना बदलायची होती, मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती छागलांनी परवानगी दिली खरी, पण यातून लोकशाहीला धोका आहे असंही बजावलं. मग 1969 ला कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच आली आणि झालं काय, चेक बंद झाले न् पैसा टेबलाखालून यायला लागला, शेवटी 1985 ला बंदी उठवली. म्हणून नुसतं 'घेऊच नका' म्हणणं मला पटत नाही.

पण कोणाचा घेतला हे लपवायचं, हे तर अजिबातच नाही. 2017 पर्यंत कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देता यायचं, ती मर्यादा काढली, वर इलेक्टोरल बाँड (बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचे रोखे) आणले, म्हणजे तोट्यातली कंपनीपण देणार आणि नाव गुप्त! (तोट्यात असून देणगी, आपल्या लूमवाल्यांना हे गणित कोणी शिकवलं नाही.) सुप्रीम कोर्टानं 15 फेब्रुवारी 2024 ला दोन्ही रद्द केलं. त्या केसमध्ये बाँडविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत माकपही होता, त्यांनी बाँड घेतलेच नव्हते. सोलापूरकरांना माजी आमदार आडम मास्तर काय सांगायचे, माकप हा त्यांचाच पक्ष. कोर्टात जिंकले आणि त्याच वर्षी मास्तर विधानसभेला पडले, कारणं बरीच असतील, पण तुमचा पहिला गट हेच उदाहरण तोंडावर मारणार बघा.

माझ्या मते खरी गोची वेगळीच आहे. उमेदवाराला विधानसभेला 40 लाखांची मर्यादा, पक्षाच्या खर्चाला काहीच नाही, मग मोठा पक्ष कितीही ओतू शकतो आणि तुम्ही कंपनीचा पैसा घेतला तरी त्यांच्या बरोबरीला येत नाही, नुसते मिंधे होता. शिवाय 20 हजारांवरच्या देणगीदारांची नावं आर्थिक वर्ष संपल्यावर निवडणूक आयोगाकडे जातात, म्हणजे नोव्हेंबरात मतदान असलं तर कोणी किती दिले ते मतदाराला नंतर कळणार, काय उपयोग!

तेव्हा पुढच्या बैठकीत ठराव असा मांडा : महापालिकेची कामं किंवा टेंडर घेणाऱ्याचा रुपयासुद्धा नको, बाकी कंपनीनं दिलाच तर चेकनंच, आणि नाव-रक्कम मतदानाआधी ऑफिसच्या बोर्डावर. नाव लावायला जो नको म्हणेल त्याचा चेक त्याच दिवशी परत.