अण्णा मांजराशी बोलतात

"मॅडम, आई दिवसभर मांजराशी बोलत असते. काळजीचं काही नाही ना?" आईच्या जागी कधी वडील असतात, कधी एकटी राहणारी आत्या. विचारणारा मुलगा किंवा मुलगी पुण्यात, मुंबईत, नाहीतर थेट परदेशात. म्हातारं माणूस इथे नाशकात. व्हिडिओ कॉल लागला की दोन मिनिटांत कॅमेरा मांजराकडे वळतो आणि नातवंडांची चौकशी राहते बाजूला. गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा आला आहे की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

या एका प्रश्नाच्या पोटात तीन भीती असतात. पहिली, ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही? तिचं उत्तर समुपदेशकाने देऊ नये. पैशांचे हिशेब चुकतायत, ओळखीचा रस्ता चुकतोय, गॅस चालू राहतोय असं दिसलं तर आधी फिजिशियन गाठा. बी-१२ आणि थायरॉइडही तपासून घ्या. नुसतं मांजराशी बोलणं हे यातल्या कशाचंच लक्षण नाही. दुसरी भीती, माणूस माणसांतून उठेल. तिसरी सहसा कुणी बोलून दाखवत नाही: आमच्यापेक्षा मांजर जवळचं झालं का? माझा अनुभव असा की घरात वाद होतात ते पहिल्या दोन भीतींवरून, आणि दुखत असते ती तिसरी.

अण्णांचंच सांगते. नाव खरं नाही, काही तपशीलही बदलले आहेत. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, जेल रोडला स्वतःचं छोटं घर, गळ्यात माळ. पत्नीला जाऊन तीन वर्षं होत आलेली. मुलगा हिंजवडीत नोकरीला. त्याला प्रशांत म्हणू. पहिल्या भेटीत प्रशांतच बोलला. अण्णा खिडकीबाहेर बघत बसले होते. ऐकत सगळं होते.

"मॅडम, मांजर कूलरमध्ये व्यालं," इथून सुरुवात झाली. थंडीत गॅलरीत झाकून ठेवलेला कूलर, त्यात पिल्लं झाली. पिल्लं ओळखीतल्या लोकांनी नेली, त्यांची आई मात्र राहिली. अण्णांनी तिचं नाव ठेवलं जनी. आता पहाटे पाचला तिच्यासाठी उठायचं, दिवसभर तिच्याशी बोलायचं, तिला विचारून टीव्ही लावायचा. "आणि माळकरी माणूस, मॅडम! आमच्या घरात कधी अंडं शिजलं नाही, आणि हे बाजारातून सुकट आणतात. शेजारी हसतात." पुण्याला चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, जनीचं कोण बघणार? एवढंच काय, पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या वारीला जायचे, तेही बंद. "मांजरापायी घराबाहेर पडत नाहीत."

सुकटीच्या उल्लेखावर अण्णा पहिल्यांदा बोलले. "तिनं कुठं माळ घातलीय?"

मला हसू आवरलं नाही. आणि विज्ञानही अण्णांच्याच बाजूचं आहे. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचा घटक तिला अन्नातून मिळावाच लागतो, नाहीतर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. दूध-भातावर मांजर पोसणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं. दूध तर पुष्कळ मोठ्या मांजरांना पचतही नाही, जुलाब होतात. सुकट खारट, म्हणून पशुवैद्यांनी अण्णांना तयार खाद्य सुचवलं. मासा छापलेलं ते पाकीट अण्णा पिशवीच्या तळाशी घालून आणतात. माळेचा मान राखतात, जनीचाही.

पुढच्या काही भेटी मी मांजराबद्दल फारसं विचारलं नाही. समोरचा माणूस ज्याचा बचाव करायला तयार होऊन आलाय तिथे बोट ठेवलं की तो बचावच करत बसतो. मी दिवसाचा क्रम विचारत राहिले. आणि मग दोघे पुन्हा एकत्र आले तेव्हा, प्रशांतचं 'मांजरापायी घराबाहेर पडत नाहीत' हेच वाक्य तिसऱ्यांदा ऐकल्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, "मांजर नव्हतं तेव्हा मी कुठं जात होतो रे?"

प्रशांतला उत्तर सुचेना. मीही मध्ये पडले नाही. अशा वेळी न बोलण्याची किंमत मला ठाऊक आहे. या कामात हातोटी म्हणतात ती बरीचशी एवढीच.

"तुझी आई गेल्यावर जनी येईपर्यंत दीड वर्ष गेलं," अण्णा सांगू लागले. "त्या दीड वर्षात एकाही वारीला गेलो नाही. दुपारी दोनपर्यंत पारोसा बसायचो. तू फोन करायचास, जेवलात का, गोळी घेतली का. मी हो म्हणायचो. निम्म्या वेळा खोटं असायचं."

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? तू पाच तासांवर. काळजी करत बसला असतास."

मी फक्त एक प्रश्न विचारला. "काका, जनी आल्यावर पहिला काय फरक पडला?"

त्यांनी बराच वेळ घेतला. "मॅडम, बायको गेल्यावर मला हात कुणी लावला सांगू? एक त्या बीपी बघणाऱ्या नर्सनं आणि एक न्हाव्यानं. ही येऊन मांडीवर बसली तेव्हा मला कळलं की किती दिवसांत अंगाला कुणाची ऊब नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून यावं यासाठीच आधीच्या सगळ्या भेटी होत्या, असं मी मानते. मी ते सांगितलं असतं तर प्रशांतने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा सुकटीवर वाद घातला असता. वडिलांच्या तोंडून ऐकल्यावर तो उठला आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला.

माझा कल आधीपासून ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींच्या विचाराकडे आहे, तो लपवत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माणसाला जन्मापासून शेवटपर्यंत एक भरवशाची जागा लागते, जिथून निघता येतं आणि जिथे परतता येतं. ती असली की माणूस लांबवर जाऊ धजतो. ती गेली की दारातच घुटमळतो. आपल्याला उलटं वाटतं. आपण म्हणतो, हा बंध सोडवा म्हणजे माणूस बाहेर पडेल. अण्णांचा बंध तर आधीच सुटला होता, पत्नीबरोबर, आणि म्हणूनच ते घरात बसले होते.

मांजराला हे कितपत लागू होतं? मांजर स्वार्थी, घराला धरून राहतं, माणसाला नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन विटाली आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. लहान मुलांचा आईशी असलेला बंध तपासायला वापरतात त्याच धर्तीचा: अनोळखी खोली, दोन मिनिटं पालकाबरोबर (म्हणजे पिल्लू सांभाळणाऱ्या माणसाबरोबर), दोन मिनिटं एकटं, मग पालक परत. सुमारे ६४ टक्के पिल्लं पालक परतल्यावर जवळ येऊन शांत झाली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. जवळ येऊन पुन्हा फिरू लागली, हे मला महत्त्वाचं वाटतं. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी त्याच वर्षी दाखवलं की पाळीव मांजरं आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात. येत नाहीत, तो भाग वेगळा.

आणि बोलण्याचं म्हणाल तर, मोठी मांजरं एकमेकींना फारसं 'म्यांव' करत नाहीत. तो आवाज मुख्यतः पिल्लाचा आईसाठी आणि पाळीव मांजराचा माणसासाठी. म्हणजे अण्णांच्या घरी संभाषणाची सुरुवात बहुधा जनीच करत होती.

अर्थात मांजर म्हणजे औषध नव्हे, हेही बजावते. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात दहा मिनिटं मांजरं-कुत्री कुरवाळल्यावर कॉलेजच्या मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालेलं दिसलं. तो तरुण मुलांवर झालेला, दहा मिनिटांचा प्रयोग. त्यावरून कुणी नैराश्याच्या गोळ्या बंद करून मांजर आणू नये. झोप उडालीय, वजन घटतंय, जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोलतंय, तर मानसोपचारतज्ज्ञ हवा. मांजर घरात असू दे.

पुण्याचं काय, हा प्रश्न उरलाच होता. त्यावर अण्णा म्हणाले ते अनेक मुलांनी ऐकण्यासारखं आहे. "तिथं मला कुणी काही करू देत नाही. चहा हातात, पाणी हातात. सूनबाई चांगली आहे, तक्रार नाही. पण मी सकाळपासून बसून. इथं पाचला ती दार ओरबाडते. मी उठलो नाही तर ती उपाशी राहील." म्हातारपणी आपली काळजी घेणारे मिळतात, आपण कुणाची काळजी घ्यावी, अशी गरज कुणाला उरत नाही. जनीला ती होती. 'जनीचं कोण बघणार' हे कारण अण्णा पुढे करत होते, कारण 'तुझ्या घरी मी पाहुणा असतो' हे मुलाच्या तोंडावर म्हणणं त्यांना जमत नव्हतं. मांजराने त्यांना नकार द्यायची सोय करून दिली होती. ती सोय काढून घेण्याआधी नकार कशाला आहे ते विचारावं.

आता तुमच्या घरासाठी थोडं. फोनवर 'जेवलात का' विचारलं की 'हो' एवढंच उत्तर मिळतं. 'आज जनीने काय केलं' विचारून बघा. ती गॅलरीतून पडता पडता वाचली या गोष्टीत अण्णा किती वाजता उठले, जेवले की नाही, शेजारच्या कोणाशी बोलले, सगळं येतं. प्रशांतला हे नाटकी वाटलं होतं. महिनाभराने म्हणाला, "पहिल्यांदाच अण्णांनी फोन आधी ठेवला नाही."

मांजराशी जमवायचं असेल तर तिच्यामागे जाऊ नका. बसा, हात पुढे करा, ती आली तर गाल, हनुवटी, कानांच्या बुडाशी खाजवा. पोटाला हात लावू नका. तिच्याकडे बघून सावकाश डोळे मिटा आणि उघडा. मांजरं याला तसाच प्रतिसाद देतात, आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडेही जायला अधिक तयार होतात, असं इंग्लंडमधल्या संशोधकांना २०२० मध्ये आढळलं. प्रशांतची मुलगी सुट्टीत येऊन हे तासभर करत बसली होती. मोबाइल बाजूला पडलेला.

काळजीच करायची तर ती इथे करा. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी, न चुकता. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद लावून घरी बसायचं नाही. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखी लक्ष. घरात गरोदर बाई असेल तर मांजर हाकलायची गरज नाही, विष्ठेची माती दुसऱ्याने रोज साफ करावी. विष्ठेतले टॉक्सोप्लाझ्माचे जंतू गर्भाला घातक ठरू शकतात, पण ते संसर्ग करण्याजोगे व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून रोज. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, कांदा-लसूणही. रात्री पायात मांजर येऊन म्हातारं माणूस पडू शकतं, म्हणून पॅसेजमध्ये छोटा दिवा. मांजराचं नसबंदीचं ऑपरेशन वेळेवर करून घ्या, नाहीतर पुढच्या थंडीत पुन्हा कूलर.

खरी धोक्याची खूण अशी की मांजरासाठी माणूस स्वतःची शस्त्रक्रिया पुढे ढकलतो. अण्णांचंही तेच चाललं होतं, मोतीबिंदू पिकत आला तरी. त्यावर आम्ही उपाय साधाच काढला. शेजारच्या घरातली कॉलेजला जाणारी मुलगी जनीला दोन वेळ खायला घालेल. अण्णांनी तिला आठवडाभर सगळं शिकवलं, आणि शिकवताना त्यांचा चेहरा खुलला होता असं तीच म्हणाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याच मुलीच्या भरवशावर पौष वद्य एकादशीला अण्णा त्र्यंबकला गेले, दिंडीबरोबर, झेपेल तेवढं चालत. एक रात्र मुक्काम करून परतले. जनी दोन तास रुसली होती म्हणे.

पुण्याचा निर्णय अजून झालेला नाही. सुनेला दम्याचा त्रास आहे. मांजराच्या लाळेतलं आणि त्वचेवरचं प्रथिन घरभर पसरतं, मांजर गेल्यावरही बरेच दिवस राहतं, त्यामुळे जनीला तिकडे नेणं अवघड. सध्या प्रशांत महिन्यातून एक शनिवार-रविवार नाशिकला येतो आणि अण्णा दिवाळीचे चार दिवस पुण्याला जातात. तिथे सकाळचा चहा आता तेच करतात. ही अट त्यांनी माझ्यासमोर घातली आणि सुनेने हसून मान्य केली.