तुमचे प्रश्न: 40 फुटांपुढे गाठी का पडतात?

प्रश्न: मी फ्रीमाँटला राहतो, फ्लाय फिशिंगचं (फ्लाय म्हणजे हलकी नकली माशी, ती लावून मासे पकडायचं) नवीनच वेड लागलंय. सुट्टीच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोला गोल्डन गेट पार्कातल्या कास्टिंग पूल्सवर, म्हणजे लाईन फेकायच्या सरावाच्या तलावांवर, जाऊन प्रॅक्टिस करतो. 40 फुटांपर्यंत लाईन मस्त जाते, पण त्यापुढे न्यायला जरा जोर लावला की लीडरला (लाईनच्या टोकाच्या बारीक दोरीला) गाठीच गाठी. तिथले एकजण म्हणाले वाऱ्यामुळे होतं. रॉड बदलू का?

उत्तर: रॉड बदलू नका, दुकानदार नाराज झाला तर होऊ दे. आणि वाऱ्याला कशाला दोष द्यायचा, वारा पडलेला असताना टाकून बघा, तरीही गाठी पडतील.

साध्या गळाला शिसं लावलेलं असतं आणि ते दोरीला ओढत नेतं, इथे उलटा कारभार, फ्लायला वजन जवळपास नाहीच, वजन सगळं लाईनमध्ये आणि तेही किती तर 5 वेटच्या (वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा नंबर) लाईनचे पहिले 30 फूट म्हणजे जेमतेम 9 ग्रॅम. हात पुढे नेताना या वजनाने रॉड वाकतो, तुम्ही हात झटकन थांबवलात की तो सरळ होतो आणि लाईन लूप, म्हणजे आडव्या यू सारखं वळण, करून उलगडत जाते. रॉडचं टोक सरळ रेषेत गेलं तर लूप अरुंद आणि छान, टोक कमानीसारखं वर जाऊन खाली आलं तर लूप रुंद आणि लाईन धपकन पडणार. आणि टोक मधेच खाली दबून परत वर आलं तर लाईनचा वरचा भाग खालच्याला आडवा जातो, याला टेलिंग लूप म्हणतात आणि तुमच्या गाठी तिथेच जन्माला येतात.

आता टोक दबतं का? 40 फुटांना हाताचा जेवढा पल्ला पुरतो तेवढा 50 ला पुरत नाही. लाईन जास्त, वजन जास्त, रॉड जास्त वाकणार, मग हातही लांबवर न्यायला हवा आणि मागे लाईन उलगडेपर्यंत थांबायलाही जास्त हवं. आपण काय करतो, पल्ला तेवढाच ठेवतो आणि सुरुवातीलाच दणका देतो. दुसरं कारण जरा लपलेलं असतं, मागे थांबलेलो असताना हात नकळत पुढे सरकत येतो, मग खरा कास्ट सुरू होईपर्यंत अर्धा पल्ला संपलेला असतो. घड्याळातल्या 10 आणि 2 मध्येच रॉड हलवायचा हा जुना नियम तुम्हाला कुणीतरी शिकवला असणारच. छोट्या लाईनला तो ठीक आहे, पण मेरीलँडचे नावाजलेले फ्लाय कास्टिंग शिक्षक लेफ्टी क्रे आयुष्यभर त्याच्याविरुद्ध भांडले, लांब टाकायचं तर हात लांब मागे जाऊ द्या असं त्यांचं म्हणणं आणि मला ते शंभर टक्के पटतं.

उपाय असा. 30 फुटांवर परत या आणि रॉड आडवा धरून कमरेच्या उंचीवर कास्ट करा, म्हणजे पुढचा मागचा दोन्ही लूप डोळ्यांसमोर दिसतील. हळू सुरू करून वेग वाढवत न्यायचा आणि शेवटी ब्रशवरचा रंग भिंतीवर झटकावा तसं थांबायचं. लूप स्वच्छ झाला की मगच पाच-पाच फूट वाढवा, बिघडला की मागे या. जोराचं म्हणाल तर अमेरिकेच्या कास्टिंग चॅम्पियन जोन वुल्फ यांनी 1960 मध्ये 161 फूट कास्ट केलेला आणि त्या पहिलवान नव्हत्या, नाच शिकवायच्या!

प्रश्न: यूट्यूब बघून शिकता येतं का पैसे देऊन इन्स्ट्रक्टर करावा? (सिएटल)

उत्तर: व्हिडिओत शिकवणाऱ्याचा हात दिसतो, तुमचा दिसत नाही, अडचण एवढीच आहे. निदान एक क्लास सुरुवातीलाच करा, सवयी पक्क्या झाल्यावर मोडायला फार त्रास होतो. फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल ही संस्था कास्टिंग शिकवणाऱ्यांची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देते, तसा माणूस बघा. तुम्हाला एकच चूक सांगेल आणि तीच सुधारून घेईल तो चांगला, एका तासात दहा गोष्टी सांगतो तो स्वतःचं ज्ञान दाखवतोय. नंतर घरी रोज पंधरा मिनिटं पुरेत, हात थकल्यावर केलेली प्रॅक्टिस चुकाच पक्क्या करते. बाजूने मोबाईलवर शूट करा आणि मागचा कास्ट आधी बघा, पुढच्याचं रडगाणं बहुतेक वेळा मागेच सुरू झालेलं असतं. (फ्रीमाँटच्या वाचकांनीही हे वाचा, त्या पूल्सवरचा क्लब मोफत धडे देतो, तारीख आधी बघून घ्या.)

प्रश्न: आम्ही पुण्याहून हिमाचलला तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जाणार आहोत. इथे मैदानावर सराव केला तर चालेल का?

उत्तर: चालेल की. फ्लायच्या जागी लोकरीचा छोटा गोंडा बांधा, हुक अजिबात नको, लीडर मात्र पूर्ण लांबीचा लावा नाहीतर लाईन चाबकासारखी वाजते. काँक्रीटवर नको, लाईनचं कोटिंग खरवडतं. वीस-पंचवीस फुटांवर जेवणाची कागदी प्लेट ठेवून तिच्यावर गोंडा पाडा, डोंगरातल्या नदीवर लांबीपेक्षा नेम कामाला येतो.

पण तिथे काठावर झाडं असतात, मागे लाईन न्यायला जागाच नसते, त्यामुळे रोल कास्ट (लाईन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे उलगडायची) शिकूनच जा. गवतावर तो नीट होत नाही कारण पाणी जशी लाईन धरून ठेवतं तसं गवत धरत नाही, म्हणून परीक्षेला नेतो ते क्लिपचं पॅड पुढे जमिनीवर ठेवा आणि लीडर त्यात अडकवा, लगेच फरक कळेल. परमिट मत्स्य विभागाकडून काढावं लागतं आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी असते, तिकिटं त्या हिशोबाने काढा.

प्रश्न: प्रॅक्टिसनंतर खांदा आणि मनगट दुखतं.

उत्तर: मूठ सैल करा. रॉड घट्ट फक्त थांबण्याच्या क्षणी धरायचा, बाकी वेळ नाही. मनगट मागे फार मोडत असेल तर रॉडचा खालचा दांडा शर्टाच्या बाहीत खोचून थोडे कास्ट करा, मोडलं की लगेच जाणवेल. तरी दुखलं तर काही दिवस रॉड ठेवून द्या आणि डॉक्टरांना दाखवा. आणि हो, मैदानावर असलात तरी गॉगल आणि टोपी हवीच.