42,000 किलोमीटरला पॅड, डिस्क, लायनर सगळंच बदलायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2017 ची सेकंडहँड हॅचबॅक, 42,000 किलोमीटर झालेत, ब्रेकला आवाज नाही, गाडी सरळ थांबते. तरी सर्व्हिसला दिल्यावर पुढचे पॅड, दोन्ही डिस्क, मागचे लायनर आणि ब्रेक ऑइल अशी यादी हातात आली. पावसाळ्यात कोल्हापूरहून आंबा घाटातून रत्नागिरीला जाणं-येणं असतं. हे सगळं खरंच लागतं का, आणि घरी करता येईल का?

यादी देणाऱ्याला एवढंच विचारा की पुढचे पॅड किती मिलिमीटर उरलेत आणि डिस्क मोजली तेव्हा आकडा किती आला. आकडे सांगता येत नसतील तर चाक न उतरवताच यादी झाली आहे असं समजा आणि सही करू नका. किलोमीटरवरून ब्रेक बदलायचा हिशेब मला कधीच पटला नाही. रोज रंकाळ्यापासून स्टेशनपर्यंत गर्दीतून जाणारी गाडी आणि आठवड्यातून एकदा हायवेनं पुण्याला जाणारी गाडी, दोन्हींचे 42,000 किलोमीटर सारखे नसतात.

मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. ड्रम आणि डिस्क आमच्या लेथवर येतात, त्यामुळे डिस्कबद्दल जरा जास्त बोलेन, सांभाळून घ्या.

आधी पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून थांबवतात ते. नवीन पॅडवर घासणारा थर साधारण 10 मिलिमीटर असतो. तो 3 वर आला की बदलायचा. तुमच्यासारखा घाट असेल तर मी 4 लाच बदलेन, कारण थर पातळ झाला की डिस्कची उष्णता पिस्टनकडे (ऑइलच्या दाबानं पॅड ढकलणारा दट्ट्या) आणि ऑइलकडे लवकर पोचते. अलॉय चाकाच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून जो दिसतो तो बाहेरचा पॅड. दगा देतो तो बहुतेकदा आतला. पिस्टन आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरून ठेवणारा भाग, दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. चिखल-पाण्यानं त्या पिना जाम झाल्या की बाहेरचा पॅड नुसता बसून राहतो आणि आतला एकटा झिजतो. म्हणून आतला 3 आणि बाहेरचा 7 असं दिसलं तर नुसते नवे पॅड टाकून भागणार नाही. पिना साफ करून ग्रीस लावली नाही, तर नवा पॅडही तसाच संपेल.

आवाज नाही यावर मात्र फार विसंबू नका. बऱ्याच पॅडवर एक छोटी पत्र्याची पट्टी असते, थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. पण ती सगळ्या पॅडवर नसते, आणि असली तरी बहुतेक एकाच पॅडवर असते.

आता डिस्क. बहुतेक डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर किमान जाडी इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. समजा नवी डिस्क 20 मिलिमीटरची आणि किमान 18 ची. तुमची 19.2 भरली तर ती बदलायचं काही कारण नाही, हलक्या रेषा पडल्या असल्या तरी. मोजताना मायक्रोमीटर हवा. साध्या व्हर्नियरनं फसगत होते, कारण डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाही, तिथं न झिजलेला काठ उभा राहतो आणि व्हर्नियरचे जबडे त्या काठावर बसतात. मग 18 ची डिस्क 19 दाखवते.

ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर गोष्ट वेगळी. ‘डिस्क बेंड झाली’ असं सर्रास सांगतात, पण डिस्क सहसा वाकलेली नसते. तिची जाडी एकीकडे कमी, एकीकडे जास्त झालेली असते, किंवा हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि डिस्कच्या मध्ये गंज साठून ती काही शतांश मिलिमीटर डुलत असते. दुसऱ्या कारणाला फक्त वायर ब्रश लागतो. पहिल्यासाठी उद्यमनगरात डिस्क लेथवर घासून मिळते, आणि अशी सोय हाताशी असणं हे आपल्या गावाचं नशीबच. फक्त घासून झाल्यावर जाडी किमान आकड्याच्या वरच राहिली पाहिजे, आणि लेथवर बांधण्याआधी बसायचा पृष्ठभाग चकचकीत साफ हवा, नाहीतर डुलणं कायम ठेवूनच ती घासली जाते. कामगाराला हे दोन्ही तोंडानं सांगा. घासल्यावर किमान आकड्याच्या अगदी काठावर येणार असेल तर मी नवीन घेईन. लहान गाडीच्या डिस्कसाठी एवढी काटकसर नको. तुमच्या गाडीला थरथर नाही असं दिसतंय, त्यामुळे मोजल्याशिवाय डिस्कला हात लावू देऊ नका.

पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खर्र असा आवाज आला तर घाबरू नका. डिस्क ग्रे आयर्नची असते, आपल्याकडच्या फौंड्र्यांत ओततात तोच ओतीव. त्यातल्या ग्रॅफाइटमुळे उष्णता चांगली पसरते आणि कंपनं मरतात, म्हणून ब्रेकला तो लागतो. पण रात्रीतून गंजतोही. पॅड तो गंज पुसून काढतो.

मागचे लायनर, म्हणजे मागच्या चाकाच्या ड्रमला आतून घासणारे थर. पुढच्या ब्रेकवर जास्त भार येत असल्यानं मागचे लायनर बहुतेक जास्त टिकतात. 42,000 ला संपले असतील तर हँडब्रेक अडकत होता का हे बघायला हवं. ड्रम काढल्याशिवाय कळत नाही. लायनर एक-दीड मिलिमीटरपर्यंत आला असेल तर बदला, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ड्रमच्या आतही कमाल व्यास कोरलेला असतो. ड्रमच्या आत लायनर ढकलणारा व्हील सिलिंडर असतो, त्याच्या रबरी टोपीची कड उचलून बघायला लावा, आत ओल दिसली तर ऑइल गळतंय.

तुमची गाडी सेकंडहँड आणि 2017 ची, म्हणजे 2019 आणि 2021 चे दोन्ही महापूर तिनं पाहिलेत. कुठं उभी होती हे आधीच्या मालकाला विचारून घ्या. पंचगंगेच्या पाण्यात चाकाच्या वर बुडालेल्या गाडीच्या ड्रममध्ये बारीक गाळ बसतो, हँडब्रेकची केबल आतून गंजते आणि बेअरिंगही खराब होतात. ड्रम उघडला की हे झाकून राहत नाही, म्हणून निदान एकदा तो तुमच्या समोर उघडून घ्याच. शिवाय पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक लावू नका, लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

यादीतलं ब्रेक ऑइल मात्र मी न भांडता बदलेन, जर मागची दोन वर्षं बदललं नसेल. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 या प्रकारचं ऑइल ताजं असताना किमान 230 अंश सेल्सिअसला उकळलं पाहिजे असा दर्जा आहे. पाणी मुरल्यावर तोच आकडा 155 वर येतो. आंबा घाट साखरप्याच्या बाजूला उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर तिथपर्यंत पोचणं अवघड नाही. मग ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल मऊ पडून खाली जातं. पॅडल टणक आहे पण गाडी आवरत नाही, असं झालं तर पॅड तापलेत. दोन्ही वेळी उपाय एकच, गाडी बाजूला घ्या आणि थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाणी मारू नका. उतारावर दुसऱ्या गिअरला यायचं आणि इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायच्या भानगडीत पडायचं नाही. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणारा भाग) एक-दोन ब्रेकपुरताच व्हॅक्यूम उरतो आणि मग पॅडल दगडासारखं होतं.

आणि ऑइलची पातळी थोडी खाली दिसली म्हणून लगेच वरून ओतू नका. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. मग नवे पॅड टाकताना पिस्टन मागे गेला की जास्तीचं ऑइल बाहेर सांडतं आणि गाडीचा रंग खातं.

घरी करायचं का? तपासणी जरूर करा. पॅड बदलणं पहिल्यांदा एखाद्या मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून बघा, मग ठरवा. करायचंच झालं तर नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, जॅकवर भरवसा न ठेवता स्टँड लावा, कॅलिपर ऑइलच्या रबरी होजवर लोंबकळू न देता तारेनं बांधा. धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पिनांना ब्रेकची वेगळी ग्रीस येते तीच लावा, साध्या ग्रीसनं रबर फुगतं. पॅड डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. आणि गाडी हलवण्याआधी पॅडल टणक होईपर्यंत दाबत राहा, कारण मागे ढकललेला पिस्टन परत पॅडपर्यंत यायला पहिले काही दाब जातात. ते दाब अंगणात गेलेले बरे, गल्लीच्या तोंडाला नको. नंतर पहिले दीड-दोनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळा.

चाक उतरवून घेतलंत की आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी, डिस्कवर कोरलेला आकडा आणि मायक्रोमीटरनं आलेला आकडा इथं लिहा. यादीतलं काय ठेवायचं आणि काय खोडायचं ते मग नक्की सांगतो.