ऑइल जातं कुठं, ते आधी पाहा

प्रश्न : माझ्याकडे २०१२ ची पेट्रोल गाडी आहे, चार वर्षांपूर्वी जुनी घेतलेली. १ लाख १८ हजार किलोमीटर झाले. घर, संत्र्याचा बगीचा, परतवाड्याचा बाजार आणि कधीमधी चिखलदरा, असं महिन्याला ८०० किलोमीटर चालणं होतं. दिवाळीपासून दर महिन्याला अर्धा लिटर ऑइल टाकावं लागतं. खाली ठिपका पडत नाही, ऑइलचा लाल लाइटही लागत नाही. सकाळी चालू केली की निळा धूर निघतो, मग थांबतो. एका गॅरेजवाल्यानं उभ्या उभ्या सांगितलं, "इंजिन खोलून बांधा लागते, चाळीस हजार धरून चाला." शेजारी म्हणतो, ट्रॅक्टरचं ऑइल टाक, ते घट्ट असते. काय करू?
– एक बागायतदार, तालुका चांदूर बाजार

उत्तर : भाऊ, चाळीस हजार सध्या घरातच राहू द्या. सकाळी धूर निघतो आणि मग थांबतो, हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. रिंगा, म्हणजे पिस्टनवरची कडी, गेल्या असत्या तर धूर असा थांबला नसता, रेस दिली की आणि चढावर लोड आला की निघतच राहिला असता. माझा संशय व्हॉल्व्ह सीलवर आहे. व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरची उघडझाप करणारी झडप. प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांडीवर बोटाच्या पेराएवढं एक रबरी सील असतं. ते वर्षानुवर्षं तापून कडक झालं की गाडी रात्रभर उभी असताना हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं, ऑइल थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला जळतं. नवं सील चिमटीत दाबलं की दबतं. जुनं काढलेलं नखानं दाबून पाहा, शर्टाच्या बटणासारखं लागतं.

खात्री करायला चिखलदऱ्याचा घाट आहेच. धामणगाव गढीकडे उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडा आणि उतार संपला की पुन्हा दाबा. मागच्या गाडीत कुणाला तरी बसवा आणि त्याला फक्त तुमच्या सायलेन्सरकडे पाहायला सांगा. दाबताक्षणी निळा लोट निघाला तर सीलच. चढताना सारखा धूर दिसला तर मात्र रिंगांकडे बघावं लागेल. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. कमी आलं तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंगा झिजल्या. प्लग काढलेच आहेत तर तेही निरखा, ज्याचं टोक काळं आणि तेलकट ओलं, त्या सिलिंडरमध्ये ऑइल जातं.

सील बदलायला इंजिन खाली उतरवावं लागत नाही. बऱ्याच गाड्यांत प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वरच धरतात आणि हेड न काढता सील बदलतात. मेकॅनिकला हे आधी विचारा.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी अंजनगावकडचे एक शेतकरी अशीच गाडी घेऊन आले. मी धूर पाहिला आणि इंजिन उघडलं. रिंगा चांगल्या निघाल्या. दोष ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पीसीव्ही व्हॉल्व्हमध्ये होता, गाळानं जाम झालेला. तो काढून हलवला की खडखड वाजायला हवा, तो मुका होता. माझी मजुरी मी परत दिली, पण पार्टचे पैसे गेले ते गेलेच, आणि ते त्यांच्या कापसाचे होते. तेव्हापासून मोजमाप केल्याशिवाय मी इंजिनाला पाना लावत नाही. तुम्हीही तो पीसीव्ही व्हॉल्व्ह सगळ्यात आधी पाहून घ्या.

आता हिशोब. ८०० किलोमीटरला अर्धा लिटर म्हणजे हजाराला सव्वासहाशे मिली. काही कंपन्या आपल्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा लिटर, कुठं एक लिटरही चालतं असं लिहितात, पण ते ऐकून निवांत बसू नका. सपाट जागेवर, सकाळी चालू करण्याआधी, रोज एकाच ठिकाणी ऑइल मोजायची पट्टी पुसून बघा. बगीच्यातल्या उताराच्या बांधावर बघितलेली पट्टी खोटं सांगते. वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, आणि पुढे टाकलेलं ऑइल मापानं मोजा. वरच्या खुणेच्या पलीकडे मात्र भरू नका, जास्त झालेलं ऑइलही जळतं.

लाल लाइटच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. तो प्रेशरचा लाइट आहे, लेव्हलचा नाही. तो लागेपर्यंत बेअरिंगला मार बसलेला असू शकतो.

ट्रॅक्टरचं ऑइल नको. ते डिझेल इंजिनासाठी बनवलेलं असतं. तुमची गाडी ते जाळणारच, आणि त्याची राख सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसेल. पुस्तिकेत जो ग्रेड लिहिला आहे तोच टाका. रात्री रस्त्यात पट्टी कोरडी निघाली आणि दुसरं काहीच मिळत नसेल, तर घरी पोचण्यापुरतं टाका, कारण कोरडं इंजिन चालवणं त्याहून वाईट. नंतर ते काढून टाका.

एअर फिल्टरही उघडून बघा. बगीच्याच्या वाटेवरची धूळ फाटक्या फिल्टरमधून आत शिरली की चांगल्या रिंगाही खाऊन टाकते. कागदी फिल्टर हवा मारून मारून वापरू नका, बदला.

आणि गाडी दाखवायला नेताना आदल्या रात्रीच गॅरेजवर ठेवून या. सकाळचा पहिला स्टार्ट मेकॅनिकसमोर झाला पाहिजे. तुम्ही गरम गाडी घेऊन गेलात तर तो धूर त्याला दिसणारच नाही.