हातखंब्याच्या पुढे काँक्रीटवर गाडीत बोलणं ऐकू येत नाही, साउंडप्रूफिंग करून घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षांची छोटी हॅचबॅक, रत्नागिरी-चिपळूण नेहमीची ये-जा. ८० च्या वेगात मागच्या सीटवरचं बोलणं पुढे पोचत नाही, आणि दुकानदार सांगतोय की अख्खी गाडी आतून मढवून घ्या.

अख्खी मढवू नका. आधी टायर, मग बीडिंग (दारांच्या कडेचं रबर), मग डिकी आणि मागची चाकं, शेवटी दारं, या क्रमाने जा. आणि प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट डोक्यात ठेवा: कोकणात गाडीच्या पत्र्यात पाणी शिरणारच. ते शिरू नये म्हणून नव्हे, तर शिरलेलं बाहेर पडावं म्हणून गाडी बनवलेली असते. साउंडप्रूफिंगच्या नावाखाली ती वाट बंद झाली की आवाज कमी होतो आणि दोन पावसाळ्यांत दाराची खालची कड गंजून फुगते.

पहिल्यांदा आवाज कुठून येतो ते ओळखा. ६० च्या वेगात एकदा चौथ्या आणि एकदा पाचव्या गिअरमध्ये चालवून बघा. गिअर बदलूनही आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाचा नाही. सरळ रस्त्यावर हळूच डावी-उजवीकडे वळताना गुणगुण वाढत-कमी होत असेल तर व्हील बेअरिंगवर संशय घ्या. उजवीकडे वळताना वाढली तर बहुतेक डाव्या चाकाचं. बेअरिंग गेलेल्या गाडीत साउंडप्रूफिंगची शीट चिकटवणं म्हणजे गळक्या कौलाखाली छत रंगवणं. वाऱ्याचा आवाज वेगळा काढायचा तर दारांच्या फटींवर बाहेरून मास्किंग टेप लावून तेवढाच रस्ता पुन्हा चालवा. फरक पडला तर दोष बीडिंगचा.

आता टायर, कारण तुमच्या तक्रारीचा मोठा वाटा इथेच असणार. काँक्रीटच्या पृष्ठभागावर पकडीसाठी आडव्या खाचा पाडलेल्या असतात आणि टायर त्यांवरून गातो. शिवाय साधारण दर साडेचार मीटरवर सांधा असतो. ८० च्या वेगात म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणून सेकंदाला पाचेक वेळा टप-टप. ही टप-टप चाक, सस्पेन्शन आणि बॉडीतून येते, ती कुठल्याही शीटने पूर्ण जात नाही.

टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का बघा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होतं आणि कडक रबर जास्त वाजतं. मग तळहात नक्षीवरून आधी एका दिशेने, मग उलट फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टायर दातेरी झिजलाय. चाकं वेळेवर अदलाबदल न करणं, अलाइनमेंट बिघडणं किंवा शॉकअप मरणं, ही त्याची कारणं. असा टायर नवा असूनही ट्रकसारखा घोंघावतो. अदलाबदल दर ८-१० हजार किलोमीटरला करा. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. पंपावर सगळ्यांना ३५ भरून देतात, त्याने छोटी गाडी ढोल होते. नवे टायर घेताना कंपनीच्याच रुंदीचे आणि रस्त्यासाठीच्या नक्षीचे घ्या. दिसायला रुबाबदार म्हणून रुंद टायर लावले तर वर कितीही शीट चिकटवा. आणि जाता जाता: ८० वरून ६० वर आलात तर टायरचा आवाज साधारण ४ डेसिबलने उतरतो, तोही फुकटात.

बीडिंगची तपासणी सोपी. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. चारी बाजूंना ओढ लागली पाहिजे. सहज सुटली तिथे रबर बसलंय. खारा वारा आणि लाल धूळ रबर लवकर कोरडं करतात. साबणपाण्याने पुसा, सुकल्यावर सिलिकॉनचा पातळ हात फिरवा. चिरलं असेल तर बदला.

मग येतो पत्रा. हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन यांच्यामध्ये भिंत नसते, त्यामुळे मागच्या चाकांवरची कमान आणि स्टेपनीचा खड्डा हे दोन पत्रे सरळ तुमच्या कानाशी बोलतात. दुकानदार दारांपासून सुरुवात करतो, कारण दारं दिसतात. मी डिकीपासून करीन.

सामान दोनच प्रकारचं लागतं. एक, २ मिलिमीटरची ब्युटाइल (चिकट रबराची) शीट, वर ॲल्युमिनियमची पन्नी असलेली. ती पत्र्याची थरथर मारते. दोन, बंद पेशींचा फोम, ६ आणि १० मिलिमीटरचा, हवेतून येणाऱ्या आवाजासाठी. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची डांबरी टेप स्वस्त पडते म्हणून वापरू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती मऊ होऊन सरकते आणि वास महिनोन्महिने जात नाही. शंका आली तर तुकडा दिवसभर उन्हात डॅशबोर्डवर ठेवा. डांबराचा दर्प आला तर परत करा. फोमची परीक्षा याहून सोपी: तोंडाला लावून फुंका, हवा आरपार गेली तर तो सोफ्याचा स्पंज आहे. तसा स्पंज, अंड्याच्या ट्रेसारखा फोम आणि नमदा आपल्या हवेत पाणी पिऊन बसतात आणि खालचा पत्रा खातात.

किती लागेल? कमानी आणि स्टेपनीचा खड्डा मिळून सव्वा चौरस मीटर, चार दारं मिळून पावणेदोन, म्हणजे तीन चौरस मीटर आणि कटिंगचं थोडं वाया जाणारं. ब्युटाइल शीट चौरस मीटरला सव्वातीन किलोच्या आसपास भरते, म्हणजे दहा किलो वजन वाढलं. दुकानदाराची 'फुल पॅकेज' दहा चौरस मीटरची असली तर तेहतीस किलो झाले, वर फोम वेगळा. पत्र्याचा तीस-चाळीस टक्के भाग झाकला की थरथरीचा बहुतेक भाग मरतो. पुढचा प्रत्येक तुकडा कमी-कमी कामाचा. बोटाने वाजवून ठरवा: टण वाजणाऱ्या जागेच्या मध्यावर शीट, थप वाजायला लागलं की थांबा. कमानींवर मात्र साठ-सत्तर टक्के लावा.

काम दिवाळी ते शिमगा या काळात करा. पावसाळ्यात पत्र्यावर न दिसणारा ओलावा असतो आणि तो शीटखाली कोंडला जातो.

डिकीचा गालिचा, बाजूची प्लास्टिकं आणि स्टेपनी काढा. सीटबेल्टचे बोल्ट सोडू नका. पत्रा साबणपाण्याने पुसून सुकवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आपल्याकडची बारीक लाल माती कोपऱ्यात राहिली की शीट वर्षभरात उचलते. शीट हातरोलरने इतकी दाबा की पन्नीवरची नक्षी सपाट होईल; फुगा राहिला तर कटरने टोचून दाबा. हातमोजे घाला, ॲल्युमिनियमची कड ब्लेडसारखी कापते. डिकीच्या तळातली रबरी बुचं शीटने झाकू नका, आणि मागच्या सीटखालचं पेट्रोल पंपाचं झाकणही, नाहीतर पुढे मेकॅनिक तुमची शीट फाडेल. त्यावर १० मिलिमीटरचा फोम.

दारांत घाई नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा मिनिटं थांबा, एअरबॅगचा विषय आहे. पिवळ्या वायरिंगला हात लावू नका. काही गाड्यांत पुढच्या दारात बाजूच्या एअरबॅगचा दाब मोजणारा सेन्सर असतो. तसा असेल तर त्या दाराच्या आतल्या पत्र्यावरची भोकं जशी आहेत तशीच ठेवा, एकही नव्याने बुजवू नका. हँडलमागचे स्क्रू झाकणाखाली लपलेले असतात, ते काढल्याशिवाय पॅड (दाराचं आतलं आवरण) ओढलं तर क्लिपा तुटतात. तशाही जुन्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, प्रत्येक दारामागे तीन-चार जास्तीच्या आणून ठेवा.

पॅडमागे प्लास्टिकचा पातळ पडदा दिसेल. गॅरेजमध्ये तो 'फालतू' म्हणून फाडून टाकतात, आणि नेमका तोच सगळ्यात महत्त्वाचा. काचेवरून उतरणारं पाणी दाराच्या आत पडतं, पडद्यामागून खाली जातं आणि तळच्या भोकांतून बाहेर येतं. पडदा फाटला की तेच पाणी गालिच्यात. तो हेअर ड्रायरने गरम करून सोडवा आणि शेवटी ब्युटाइलच्या दोरीने चारी बाजूंनी परत चिकटवा, मध्ये खंड न पाडता.

बाहेरच्या पत्र्यावर आतून, भोकांतून हात घालून, वहीच्या पानाएवढे तुकडे लावा. तळापासून पाच-सहा सेंटिमीटर जागा सोडा. दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन भोकं असतात, ती झिप टायने टोचून मोकळी करा. निम्म्या गाड्यांत ती मातीने बुजलेलीच सापडतात. काच पूर्ण वर-खाली करून कुठे घासत नाही ना ते पॅड लावण्याआधी बघा. आतल्या पत्र्यावरची मोठी भोकं शीटने कायमची बंद करू नका, पॉवर विंडोची मोटर त्यातूनच निघते. पॅडच्या मागे फोम ६ मिलिमीटरपेक्षा जाड नको. क्लिपा बसत नाहीत आणि पॅड फुगून खडखडायला लागतं.

पुढची फरशी माझ्या मते सोडून द्या. सीटा काढाव्या लागतात, त्यांच्याखाली एअरबॅगची वायर असते. टपावर पावसाचा ताशा वाजतो ही तक्रार असेल तर छताच्या पत्र्यावर मधोमध शीटचा एक थर खरंच गुण देतो, पण पडदा एअरबॅग (छताच्या कडेला बसवलेली) असलेल्या गाडीत छताचं लायनिंग उतरवणं नवख्याच्या हातचं काम नाही.

खालून रबरी स्प्रे मारतात त्याने उडणाऱ्या खड्यांचा आवाज कमी होतो, घोंघाट नाही. गंजावर किंवा ओल्या मातीवर मारला तर तो मीठ आणि ओल दोन्ही आत कोंडतो. सायलेन्सर, ब्रेक, शॉकअप आणि दारांच्या उंबऱ्याखालच्या भोकांवर तर नकोच.

हिशेब ठेवायचा तर निवळी ते हातखंबा असा एकच तुकडा, एकच वेग, एसीचा पंखा बंद, मोबाईलचं ॲप एकाच जागी ठेवून आधी-नंतर मोजा. शीट-फोमच्या कामाने दोन-तीन डेसिबल उतरले तर काम चांगलं झालं असं समजा. 'निम्मा आवाज' वाटायला दहाएक डेसिबल उतरावे लागतात, तेवढं छोट्या गाडीत कुणी देत नाही. सांध्यांची धडधड ॲपमध्ये नीट उमटत नाही, तिथे कानावर विश्वास ठेवा.

आणि दुकानदाराला पैसे देण्याआधी: चारी दारांच्या काचांवर प्रत्येकी बादलीभर पाणी ओता. थोड्याच वेळात दाराच्या खालून पाणी टपकलं पाहिजे. नाही टपकलं तर भोक बुजलंय, पॅड तिथल्या तिथे परत काढायला लावा. टपकलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी चारही पायदाण्या उचलून गालिच्यात बोटं दाबा. ओल लागली तर पडदा नीट चिकटलेला नाही. गाडी आंब्याखाली उभी राहत असेल तर वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळाही काढा. ती बुजली की पाणी पुढच्या पायांशी उतरतं आणि दोष विनाकारण दाराला लागतो.