गोव्यातील क्लबमध्ये वाजवू लागण्यापूर्वी

तुमच्या पाच जणांच्या बँडचे एका रात्रीचे 20,000 रुपये ठरले, तरी टेम्पोचे भाडे आणि साउंडवाल्याचे पैसे मिळून 5,000 गेले की प्रत्येकाच्या हाती 3,000 च पडतात, आणि त्यासाठी दुपारीच अ‍ॅम्प्लिफायर जिन्याने वर चढवून मध्यरात्री पुन्हा उतरवावा लागतो. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार उघड्यावर रात्री 10 नंतर सहसा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणून कार्यक्रम मध्येच थांबला तरी मानधन पूर्ण मिळेल, असे मालकाकडून लेखी घ्या. मी ते घेतले नव्हते, आणि त्या रात्री आमच्या ड्रमरला निम्मे पैसे देताना झालेली वेदना अजून सलते. पावसाळ्यात कामे आटतात, तेव्हा हंगामातच शिल्लक टाका.