बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या ग्रामसभेच्या जंगलाला एफएससी प्रमाणपत्र (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलचं, जंगल जबाबदारीने सांभाळल्याचं) मिळेल का?

मिळू शकतं, पण घोडं अडतं ते हक्काच्या कागदावर. व्यवस्थापनाचा अधिकार कुणाचा, हे एफएससी आधी पाहतं. म्हणून वनहक्क कायदा 2006 खालचा सामूहिक वनसंसाधन हक्काचा (गावाने आपलं पारंपरिक जंगल राखण्याच्या आणि सांभाळण्याच्या हक्काचा) दावा अगोदर मंजूर करून घ्या. वनखात्याचे कागद कन्नडमध्ये, गावची वही मराठीत. सर्व्हे नंबर आणि हद्दी दोन्हींत तंतोतंत जुळवा.

खरी मेहनत नोंदींची. शिकेकाई, हिरडा कुठल्या पट्ट्यातून, कोणत्या तारखेला, किती किलो काढला आणि पुढच्या रुजव्यासाठी किती झाडांवर राखला, हे तोडणीच्याच दिवशी लिहा. मागाहून भरलेली वही तपासनीस ओळखतात.

प्रमाणपत्र 5 वर्षांचं, पण तपासणी दरवर्षी. एकट्या गावाला खर्च झेपत नाही. शेजारच्या गावांसोबत गट करा. आणि हो, मधल्या व्यापाऱ्याकडे साखळी-प्रमाणपत्र (प्रमाणित माल दुसऱ्या मालात मिसळत नाही याचं) नसेल तर मालावर एफएससीचं लेबल लावता येत नाही.